‘सामान्य मर्यादेत’

मी घेतलेल्या स्मृती-बुद्धीच्या चाचण्यांच्या अहवालातील दोन शब्दांमुळे एका पतसंस्थेच्या रोखपालांवर अप्रामाणिकपणाचा संशय आला, ही गोष्ट अजूनही माझ्या मनातून जात नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्यांना नऊ वर्षांपासून बायपोलर आजार, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा मनोविकार, आहे. गेल्या 14 महिन्यांत उन्माद किंवा नैराश्य उलटले नव्हते आणि रक्तातील लिथियम या औषधाची पातळीही योग्य होती. तरीही दिवसअखेरची शिल्लक वारंवार जुळत नव्हती. बाह्यरुग्ण विभागात झोप, भूक आणि गोळ्या विचारून ‘बरे आहेत’ असे लिहिले गेले. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी 1899 मध्ये हा आजार वेगळा काढला तेव्हापासून, झटका ओसरला की बुद्धी पूर्ववत होते, हा समज आमच्या क्षेत्रात टिकून आहे. प्रत्यक्षात अनेक रुग्णांचे लक्ष, शब्दस्मृती आणि नियोजनक्षमता मधल्या काळातही उणी राहते.

हे ठाऊक असूनही मी बंद खोलीत, एका वेळी एकच काम देऊन चाचण्या घेतल्या. पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवल्यावर अर्ध्या तासाने त्यांना आठ शब्द आठवले. ‘सामान्य मर्यादेत,’ असे मी लिहिले. त्यांनीच तो अहवाल विश्वासाने व्यवस्थापकांना दाखवला, आणि बुद्धी शाबूत आहे म्हणजे चूक मुद्दाम होते, असा अर्थ तिथे काढला गेला.

“मॅडम, एकदा संध्याकाळी काउंटरवर येऊन बघा,” असे त्यांच्या पत्नी म्हणाल्या, म्हणून मी गेले. पिग्मी एजंटांचा भरणा सुरू होता. पाचशेच्या नोटा मोजत असतानाच कोणी थकलेला हप्ता विचारी, कोणी पासबुक पुढे सरकवी. ते सौजन्याने उत्तर देत आणि जिथे बोट थांबले असेल तिथून, आधीचा आकडा हरवलेला असतानाच, पुढे मोजू लागत. चहाच्या वेळी चौघांच्या गप्पांचा धागा त्यांच्या हातून सुटला, ते उशिरा हसले, आणि “हल्ली फार शिष्ट झालेत,” असे एका सहकाऱ्याने मला हळूच सांगितले.

जे माझ्या खोलीत दोन तासांत दिसले नाही, ते तिथे वीस मिनिटांत दिसले.

एका वेळी एकच एजंट यावा आणि मोजणी चालू असताना खिडकी बंद असावी, असे सुचवणारा दुसरा अहवाल मी लिहिला. त्यात आजाराचे नाव असल्यामुळे तो संस्थेत देण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांचे कारण मला खोडता आले नाही. सध्या ते डाव्या हाताशी कोरा कागद ठेवतात; कोणी हाक मारली की आधी आकडा लिहितात आणि मगच मान वर करतात.