माराचीला जायचं, पण उतरायचं कुठे?

‘स्पेनच्या मायोर्का बेटावर गेल्यावर माराचीची मातीची भांडी बघायची आहेत. पाल्मा शहरातून ट्रेन पकडून माराची स्टेशनला उतरलं की झालं ना?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, तेवढ्याने भागत नाही. (उच्चार माराचीच, ‘चहा’तला च, जोर शेवटच्या ‘ची’वर.)

माराची हे गाव नाही, नगरपालिका आहे. पाल्माला खेटून असलेल्या पोर्तोल, सा काबानेता, पोंत दिंका, प्ला दे ना तेझा अशा वस्त्यांची मिळून ती झाली आहे. नगरपालिकेची कचेरी सा काबानेतात आहे. लोकवस्ती मात्र सगळ्यात दाटली ती खाली पोंत दिंकाच्या बाजूला, कारण पाल्मा-इंका रेल्वे 1875 पासून तिथून जाते आणि पुढे महामार्गही आला. पाल्मात घर परवडेना तशी माणसं इकडे सरकली. 2001 मध्ये 23,000 च्या आसपास असलेली लोकसंख्या वीस वर्षांत 38,000 च्या पुढे गेली. त्यामुळे ‘माराचीत राहतो’ असं कुणी म्हणालं तर कुठल्या गावात, हे विचारावंच लागतं.

नगरपालिकेच्या हद्दीत या रेल्वेमार्गावर एकापेक्षा जास्त स्टेशनं आहेत. पाल्माच्या प्लासा दे एस्पान्या चौकाखालून सुटणारी मेट्रो एम-2 माराची स्टेशनपर्यंतच येते. लांबच्या गाड्या प्रत्येक स्टेशनला थांबतीलच असं नाही, म्हणून फलाटावरची पाटी वाचून चढा. कुंभारांची गावं, म्हणजे पोर्तोल आणि सा काबानेता, स्टेशनाला लागून नाहीत, वर आहेत. पुढच्या बसची वेळ निघण्याआधीच बघून ठेवा, नाहीतर उन्हात चढ चढावा लागेल. भांडी एकाच ठिकाणी हवी असतील तर मार्चमध्ये या, तेव्हा इथे मातीची जत्रा भरते, तिचं नाव ‘फिरा देल फांग’.

दोन्ही गावांचं काम वेगळं. पोर्तोल स्वयंपाकाच्या भांड्यांचं. तिथली ग्रेशोनेरा म्हणजे पसरट, दोन्ही बाजूंना कान असलेलं, आतून झिलई दिलेलं लाल मातीचं भांडं. नवं आणलं की रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. मग पाणी घालून अगदी मंद आचेवर तापवा आणि जागच्या जागी निवू द्या. गॅसवर खाली जाड तवा ठेवा. इंडक्शनवर ते चालत नाही. भांडं फुटतं ते बहुतेक वेळा आचेने नव्हे, झटक्याने: तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतलं किंवा चुलीवरून काढून थेट ओल्या ओट्यावर ठेवलं की तडा गेलाच. म्हणून खाली लाकडी पाट किंवा जाड फडकं हवं. मातीच्या हंडीत मटण शिजवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जुन्या बाजारातून घेतलेल्या भांड्यात मात्र शिजवू नका; पूर्वीच्या झिलईत शिसं असायचं. ते शोभेलाच ठेवा.

सा काबानेता सिउरेलचं, म्हणजे शिट्टी असलेल्या मातीच्या खेळण्यांचं गाव. हातभर अंतरावरून नीट बघा: पांढरं अंग, त्यावर लाल-हिरवे ओघळते फटकारे, कधी घोडेस्वार, कधी बैल, आणि बुडाशी चिकटवलेली शिट्टी. चित्रकार जुआन मिरोला ही खेळणी फार आवडायची. शिट्टीचं सगळं यश एका फटीत असतं. आत शिरणारी हवा समोरच्या धारदार कडेवर नेमकी आपटली पाहिजे. कड बोथट झाली किंवा वाट जराशी वाकडी गेली तर नुसती फूस निघते, आणि एकदा भाजल्यावर ती दुरुस्त होत नाही. म्हणून माती ओली असतानाच फुंकून बघतात. तुम्हीही घेताना दुकानदाराला विचारून फुंकून बघा.

पांढरा रंग म्हणजे भाजून झाल्यावर दिलेला चुना, त्यावरचे फटकारेही भाजल्यानंतरचेच. ओल्या फडक्याने पुसलंत तर दोन्ही निघून येतील. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. परतीच्या प्रवासात सिउरेल कपड्यात गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा. आधी मोडते ती शिट्टीच.