ब्लॅक मेसातली सकाळची पाळी

सकाळचे ८ वाजून ४७ मिनिटे झाली आहेत. वर वाळवंटात ९३ अंश फॅरनहाइट तापमान आहे, जमिनीखालच्या संकुलात मात्र ते सदैव ६८ अंशांवर राखले जाते. किरणोत्सर्गाची ठरलेली तपासणी चुकवली तर नोकरी जाईल, विषारी पदार्थांच्या सततच्या वावरामुळे गाडीत खाण्यापिण्यास आणि धूम्रपानास मनाई आहे, आणि तुमच्या ओळखीत कुणी योग्य माणूस असेल तर माल हाताळणीच्या विभागात जागा रिकाम्या आहेत. बोगद्यांतून जाणाऱ्या टांगत्या डब्यात उभे राहून या सूचना ऐकत असताना आपल्या हातात बंदूक नसते, समोर शत्रू नसतो आणि करण्यासारखे काहीच नसते. कामावर निघालेला माणूस खिडकीबाहेर पाहतो तसे फक्त पाहत राहायचे असते. १९ नोव्हेंबर १९९८ रोजी बाजारात आलेला ‘हाफ-लाइफ’ हा बंदुकीचा खेळ असा सुरू होतो. मी तो पहिल्यांदा खेळलो तेव्हा ही पाच मिनिटे एकदाची कधी संपतात, याचीच वाट पाहत होतो.

ते २००६ साल होते आणि मी सांगलीत इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेज सुटल्यावर आम्ही विश्रामबागेतल्या सायबर कॅफेत जायचो ते ‘काउंटर-स्ट्राइक’साठी. तासाला पंधरा रुपये, एकमेकांना जोडलेले दहा संगणक, दोन गट, आणि डस्ट टू हा एकच नकाशा, म्हणजे लढाईची एकच जागा. त्यातच संध्याकाळ संपून जायची. काउंटर-स्ट्राइक हा मुळात हाफ-लाइफच्या सांगाड्यावर हौशी मुलांनी उभा केलेला खेळ आहे, हे आमच्यातल्या फार थोड्यांना माहीत होते. त्याच्या शॉर्टकटवर उजवी कळ दाबून पाहिले तर तिथे ‘एचएल’ नावाची फाईल दिसायची आणि पुढे ‘-गेम सीस्ट्राइक’ असा एक तुकडा असायचा. तो तुकडा पुसून टाकला की त्याच फाईलमधून मूळ खेळ उघडतो, हे हॉस्टेलवरच्या एका मित्राने मला दाखवले. त्याच्या सीडीवर मूळ खेळाचे नकाशे शाबूत होते, आणि महाराष्ट्रातल्या माझ्या पिढीतली अनेक मुले ज्या घराच्या ओसरीवर वर्षानुवर्षे खेळली त्या घरात मी असा शिरलो.

त्यानंतरची बरीच वर्षे रायगड जिल्ह्यातल्या रासायनिक कारखान्यांत गेली. आधी उत्पादन विभागात पाळीचा इंजिनियर म्हणून, आणि आता सुरक्षा विभागात. नोव्हेंबर २०२३ मध्ये खेळाला २५ वर्षे झाली, तेव्हा तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने काही दिवस तो सर्वांना फुकट दिला. मी तेव्हा तो घेऊन ठेवला आणि मग एका पावसाळ्यात, रात्रीच्या जेवणानंतर रोज तासभर, पहिल्या भागापासून सगळी मालिका सलग खेळायला बसलो. पहिल्याच रात्री माझ्या लक्षात आले की विशीत असताना मी ज्याला दुसऱ्या जगातल्या प्राण्यांशी लढाईचा खेळ समजत होतो, तो एका औद्योगिक अपघाताचा वृत्तांत आहे, आणि तो रचणाऱ्यांना अपघात कसे घडत जातात हे नेमके ठाऊक होते.

खेळाचा नायक गॉर्डन फ्रीमन २७ वर्षांचा आहे, एमआयटीतून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला आहे आणि न्यू मेक्सिकोतल्या ब्लॅक मेसा या संशोधन संकुलात नोकरीला आहे. स्वागतकक्षातला पहारेकरी त्याला सांगतो की तुमच्यासाठी बरेच निरोप होते, पण वीस मिनिटांपूर्वी संगणक बंद पडला. खाली चाचणीच्या दालनातही काही अडचणी येत होत्या, त्या आता निस्तरल्या असाव्यात. दालनाच्या दारापाशी दोन वरिष्ठ शास्त्रज्ञ उभे असतात. आज नेहमीच्या पद्धतीपासून जरा बाजूला जावे लागणार आहे, असे त्यातला एक सांगतो. इतका शुद्ध नमुना आजवर मिळालेला नाही, असे त्याचे समर्थनही लगेच येते, आणि तो बहुधा सर्वांत अस्थिरही आहे, हे सांगायला दुसरा विसरत नाही. तो आपली धास्ती बोलून दाखवत असतानाच पहिला त्याला थांबवतो: गॉर्डनला हे सगळे ऐकवण्याची गरज नाही, तो प्रशिक्षित माणूस आहे, आणि काहीही बिघडणार नाही अशी ग्वाही आपण प्रशासकांना दिलेली आहे. आत गेल्यावर कळते की यंत्र १०५ टक्क्यांवर चढवलेले आहे. मध्येच कुणालातरी आकड्यांत किंचित तफावत दिसते, आणि वाक्य पुरे होण्याआधीच तो म्हणतो की नाही, आता पुन्हा मर्यादेत आले आहे.

या वाक्याशी मी खेळ थांबवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. कंट्रोल रूममध्ये पॅनेलसमोर बसणाऱ्या कुणालाही हे वाक्य ओळखीचे वाटेल, कारण आपण सगळ्यांनी ते कधी ना कधी उच्चारलेले असते. बॅच निघाली पाहिजे, वरून दोनदा फोन येऊन गेलेला आहे, काटा क्षणभर लाल पट्ट्यात जाऊन परत आलेला आहे, आणि आपण सुटकेचा श्वास टाकून पुढची कळ दाबतो.

त्यानंतर जमिनीतून नमुन्याची गाडी वर येते, आणि ती किरणात ढकलण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. या खेळात कॅमेरा कधीही गॉर्डनच्या डोळ्यांबाहेर येत नाही. मधेच खेळ थांबवून त्याचे कृत्य आपल्याला दुरून दाखवले जात नाही. या वेळी मी ती गाडी न ढकलता उभा राहून पाहिले. यंत्रणा या पातळीवर किती वेळ टिकेल सांगता येत नाही, शक्य तितक्या लवकर उरका, एवढे सांगून वरचा आवाज थांबतो आणि खेळ जिथल्या तिथे राहतो. नकार देण्यासाठी एकही कळ ठेवलेली नाही. शेवटी मी गाडी ढकलली.

यामागे एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटणार नाही. पूर्वी मी ज्या कारखान्यात होतो तिथे त्वचा जाळणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या एका टाकीचा पातळीचा अलार्म दिवसातून तीन-चार वेळा विनाकारण वाजायचा. एका पाळीत कुणीतरी तो बायपास करून बंद ठेवला आणि लॉगबुकात ‘तात्पुरता’ असे लिहिले. पुढच्या प्रत्येक पाळीने तो शब्द वाचला आणि खाली सही करून चार्ज घेतला. तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीला टाकी भरून वाहिली, तेव्हा खाली होस गुंडाळत असलेल्या हेल्परच्या मानेवर आणि डाव्या खांद्यावर कॉस्टिक पडले. सेफ्टी शॉवर दहा पावलांवर होता म्हणून तो वाचला, पण त्याचा खांदा आजही पूर्ण वर जात नाही. त्या तीन आठवड्यांतल्या सह्यांत माझ्या चार सह्या होत्या.

म्हणून दालनाचा स्फोट झाल्यानंतरचा भाग मी आता पूर्वीसारखा धावत सुटून खेळू शकत नाही. मघाचे ते दोन शास्त्रज्ञ जिवंत असतात. आम्ही सावध केले होते, त्यांनी ऐकले का नाही, असे त्यातला एक म्हणत असतो. फोन सगळे बंद आहेत, तेव्हा वर जाऊन आम्ही इथे अडकल्याचे कुणालातरी कळवा, एवढीच त्यांची विनंती असते. गॉर्डन जिवंत राहिला तो अंगातल्या सुरक्षा सूटमुळे, हे ते आवर्जून सांगतात. आणि या मालिकेची ओळख बनलेले पहिले हत्यार म्हणजे तिथेच पडलेली एक लाल कटावणी असते. ती उचलायची, अडलेल्या दाराची काच फोडायची आणि वाट काढायची. विशीत मला ही बंदूक मिळेपर्यंतची तडजोड वाटली होती. आता वाटते की अपघातानंतर माणसाच्या हाताला खरोखर जे लागेल तेच इथे दिलेले आहे.

सगळ्यांत भरीव प्रकरण मात्र ‘ब्लास्ट पिट’ हे. रॉकेटचे इंजिन तपासण्याच्या खोल विवरात दुसऱ्या जगातल्या प्राण्याच्या तीन प्रचंड सोंडा वर आलेल्या असतात. त्यांना दिसत नाही, पण पावलाचा आवाज झाला की त्या अचूक तिथेच आदळतात. गोळ्यांनी त्या मरत नाहीत. वाकून, पाऊल न वाजवता कडेने सरकायचे, गरज पडली तर दूर बॉम्ब फेकून त्यांचे लक्ष तिकडे वळवायचे, आणि एकेक करून इंधनाची लाईन, ऑक्सिजनची लाईन आणि वीज सुरू करून परत कंट्रोल रूममध्ये येऊन इंजिन पेटवायचे. बंदुकीच्या खेळातला इतका मोठा शत्रू शेवटी मारला जातो तो प्लांट चालू करून. लाईन कुठून कुठे जाते हे भिंतीवरच्या नळ्यांवरून आपणच ओळखायचे असते. बाण नाही, सूचना नाही. पहिल्यांदा मी इथे दोन रात्री अडकलो होतो. या वेळी नळ्या बघत गेलो आणि वाट सापडत गेली, आणि तो आनंद मला अजून पुरतो आहे.

मग वरून सैनिक येतात. सुटका झाली म्हणून एक शास्त्रज्ञ त्यांच्याकडे धावत जातो आणि ते त्याला गोळी घालतात, कारण त्यांना पाठवलेले असते ते साक्षीदार संपवण्यासाठी. हे सैनिक चारी बाजूंनी घेरतात, बॉम्ब टाकून आपल्याला आडोशातून बाहेर काढतात, आणि त्यांच्याशी होणाऱ्या चकमकी आजही ताज्या वाटतात. सगळेच तसे टिकलेले नाही. रुळांवरचे प्रकरण उगाच लांबले आहे, आणि शेवटचे झेन नावाचे परके जग, तरंगत्या खडकांवरून उड्या मारण्यापलीकडे, मला तेव्हाही रुचले नव्हते आणि आताही रुचले नाही.

इथे खेळ बनवणाऱ्यांविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. हा खेळ खरे तर १९९७च्या अखेरीस यायचा होता. कंपनीचा तो पहिलाच खेळ होता, आणि तरीही हातातले काम आपल्याच मनास उतरत नाही असे ठरवून त्यांनी ते थांबवले आणि जवळजवळ नव्याने बांधून वर्षभर उशिराने दिले. काम थांबवण्याचा निर्णय किती जड असतो हे मला ठाऊक आहे, आणि म्हणून त्यांच्याबद्दलचा माझा आदर या वेळी वाढला.

‘हाफ-लाइफ २’ १६ नोव्हेंबर २००४ रोजी आला. वीसएक वर्षांनंतरचे जग, ‘सिटी १७’ हे पूर्व युरोपातले वाटणारे शहर, आणि स्थानकावर उतरताच मोठ्या पडद्यावर बोलणारा डॉ. ब्रीन. इथे अधिक सुरक्षित आहे, असे तो त्याच्या धीरगंभीर आवाजात सांगतो. हा ब्रीन म्हणजे ब्लॅक मेसाचा तोच प्रशासक, ज्याला काहीही बिघडणार नाही अशी ग्वाही दिलेली होती. अपघातातून दुसऱ्या जगाकडे उघडलेल्या वाटेने परक्यांनी सात तासांत पृथ्वी जिंकली, शरणागतीची बोलणी त्याने केली, आणि आता तो सगळ्या पृथ्वीचा प्रशासक आहे. पूर्वी हा योगायोग माझ्या नजरेतून पूर्ण निसटला होता. या वेळी ‘सुरक्षित’ हा शब्द त्याच्या तोंडून ऐकताना मला मनस्वी संताप आला.

या भागातली ग्रॅव्हिटी गन सर्वांना प्रिय आहे, आणि तिने लोखंडी पाती फेकत रेवनहोमच्या ओसाड गावातून जाण्यातली भीती अजिबात शिळी झालेली नाही. ती हातात देताना गॉर्डनची साथीदार ॲलिक्स सांगते की हे साधन धोकादायक पदार्थ हाताळण्यासाठी बनवले होते, आम्ही ते बहुतेक वेळा जड वस्तू उचलायला वापरतो. समुद्रकिनाऱ्यावरून गाडीने जाताना जुने धक्के उंच खांबांवर उघडे पडलेले दिसतात, कारण पाणीच खाली गेलेले आहे. कुणी त्याबद्दल एक शब्दही बोलत नाही. मी तिथे गाडी थांबवून खाली उतरलो आणि त्या खांबांवरची जुनी पाण्याची रेघ शोधत बसलो.

२००७ साली आलेल्या ‘एपिसोड टू’मध्ये, त्या भागाच्या जवळजवळ शेवटाला, ॲलिक्सचा बाप ईलाय व्हान्स काही निमित्त काढून मुलीला खोलीबाहेर पाठवतो. ईलाय हा अपघाताच्या दिवशी ब्लॅक मेसात कामावर होता. अनपेक्षित परिणामांची तयारी ठेवा, असे शब्द ॲलिक्सच्या तोंडून नुकतेच निघालेले असतात आणि ते ऐकून तो हादरलेला असतो. हे शब्द मी यापूर्वी एकदा ऐकले आहेत, असे तो गॉर्डनला सांगतो. चाचणीचा नमुना आणून देणाऱ्या, मालिकेत अधूनमधून दिसणाऱ्या कोटसुटातल्या गूढ माणसाने ते त्याच्या कानात सांगितले होते, आणि इतकी वर्षे तो ते कुणाशी बोललेला नव्हता. त्यानंतर थोड्याच वेळात तो मारला जातो आणि खेळ अंधारात संपतो. पहिल्यांदा खेळताना मी त्या मृत्यूने रडलो होतो. या वेळी मी मागे जाऊन त्याची कबुली पुन्हा ऐकली. तू नुकताच चाचणीच्या दालनात पाऊल टाकले होतेस, असे तो म्हणतो. म्हणजे चाचणीच्या यंत्राचे रोटर अजून सुरू व्हायचे होते, आणि नमुन्याची गाडी अजून वर आलेली नव्हती.