तुम्ही विचारलंत म्हणून: अंध लोक आमच्या साइटवर येतात तरी किती?

साइट करून घेणारे बरेच जण हेच विचारतात, आणि पुढे म्हणतात, "मग त्यांच्यासाठी वेगळा खर्च कशाला?" कायद्याचं उत्तर सोपं आहे: २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण मोजायचंच तर सगळ्यांना मोजा. मोतीबिंदू झालेली आजी, हाताला प्लॅस्टर असलेला माणूस, लोकलमध्ये एका हातानं कडी धरून दुसऱ्या हातानं अर्ज भरणारी बाई. हे सगळे अडतात ते बहुतेक फॉर्मपाशीच. म्हणून खर्च आधी तिथे करा.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे रकान्याचं नाव रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत लिहिणं. टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं. मध्येच फोन आला, परत येऊन बघितलं, तर इथे आईचं नाव लिहायचं होतं की वडिलांचं, ते कळायला लिहिलेलं खोडावं लागतं. नाव रकान्याच्या वर, कायम दिसेल असं ठेवा आणि कोडमध्ये लेबल म्हणून जोडा. मग स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, ते वाचतो, शिवाय नावावर टॅप केलं तरी कर्सर रकान्यात जातो. हात थरथरणाऱ्यांना याचा फार आधार होतो.

फिकट अक्षरांचं गणितही करून बघा. पांढऱ्यावर #९९९९९९ हा राखाडी घेतला तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, साधारण २.८५ला १ भरतो; हवा किमान ४.५ला १. #७६७६७६ जेमतेम पास होतो. देवनागरीत तर 'चिता' आणि 'चिंता' यांत एका टिंबाचाच फरक, म्हणून आम्ही त्याहून गडदच घेतो. ओळींतलं अंतरही अक्षराच्या दीडपटीहून जास्त, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो.

मराठी साइटचं एक खास दुखणं म्हणजे आकडे. मोबाईल नंबर कुणी ९८ असा देवनागरीत टाइप केला की 'चुकीचा नंबर' असा लाल शेरा येतो. माणूस बरोबर असतो, तपासणीचा कोड चुकीचा असतो. आकडे आणि मधल्या मोकळ्या जागा सर्व्हरवर बदलून घ्या, चार ओळींचं काम आहे. आणि चूक खरंच असेल तर ती त्याच रकान्याखाली शब्दांत सांगा: "पिनकोड ६ आकडी हवा, तुम्ही ५ लिहिलेत." नुसती लाल चौकट रंगांधळ्याला दिसेलच असं नाही, स्क्रीन रीडरला तर नाहीच.

जुन्या कृतिदेव फॉन्टमधला मजकूर मात्र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीत, आणल्याशिवाय गत्यंतर नाही. पडद्यावर 'नाव' दिसतं, आत इंग्रजी यू-के-ओ असतं, आणि स्क्रीन रीडर तेच वाचतो. पानाची भाषाही कोडमध्ये मराठी नोंदवा.

बटणं डब्ल्यूसीएजी २.२ या साइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणूनच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार किमान २४ पिक्सेल. आम्ही ४४ धरतो, आणि 'रद्द करा' हे 'पाठवा'ला चिकटून ठेवत नाही. वेळ संपत आली तर आधी सांगा, वाढवायला किमान २० सेकंद द्या, आणि तरीही संपलीच तर भरलेलं जपून ठेवा.