शारजाची नोकरी आणि नांदेडची खिडकी

आज मावसभावासोबत नांदेडला विद्यापीठात जाऊन आलो. पोरगं एम.एस्सी. बी.एड., लातूरला विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर गणित शिकवतंय. आता यूएईतल्या शारजाच्या एका शाळेनं बोलावलंय. पण पदवीची आधी राज्याकडून पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, शेवटी यूएईच्या वकिलातीचा. एकाच सरकारी शिक्क्यावर कागदपत्रं दुसऱ्या सदस्य देशांत चालतात, त्या अपोस्टिल करारात भारत 2005 पासून आहे, यूएई नाही, म्हणून ही लांबण.

वाटेत एजंटचा फोन. "सर, व्हिजिट व्हिसावर जा, तिथं बदलून घेऊ. दीड लाख तयार ठेवा." व्हिजिट व्हिसावर शिकवणं तिथं बेकायदा. भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचा नाही, असं तिथला 2021 चा कायदाच सांगतो. आपल्याकडंही नोंदणीकृत एजंटाला 30 हजार अधिक जीएसटी, एवढंच घेता येतं. नोंदणीकृत एजंटांची यादी असलेल्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर याचं नाव शोधलं, सापडलं नाही. बोलणं मात्र काय गोड!

मावशी माझ्यावरच चिडली. "पोराचं नशीब उघडायलंय अन् तू कायदे सांगायलास." तिचंही काय चुकतंय? अनुदानाची वाट बघून बघून घरचे थकलेत.

शाळेला थेट मेल टाकलाय, एंट्री परमिट, म्हणजे नोकरीसाठी तिथं यायची परवानगी, तुम्हीच काढून पाठवा म्हणून. बघू काय म्हणतात.