रिस्पाला कोणी काय समजावले असते?

पवित्र शास्त्रातील ज्या स्त्रियांवर आपल्याकडे क्वचितच उपदेश होतो, त्यांत शौल राजाची उपपत्नी रिस्पा मला सर्वांत आधी आठवते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात तिची गोष्ट आहे. दावीद राजाच्या काळात इस्राएल देशात सलग तीन वर्षे दुष्काळ पडला होता. त्याच्या आधीच्या शौल राजाने त्या देशात राहणाऱ्या गिबोनी लोकांचा संहार केला होता, त्याचा दोष देशावर होता, आणि त्याची भरपाई म्हणून गिबोन्यांनी शौलाचे सात वंशज मागून घेतले. त्या सातांत रिस्पाचे दोन मुलगे होते. शौलाच्या अपराधात त्यांचा काही हात होता, असे शास्त्र कोठेही सांगत नाही. सातूच्या कापणीच्या आरंभी त्यांना मारून डोंगरावर टांगले गेले, आणि रिस्पाने खडकावर गोणपाट अंथरून तेथेच ठाण मांडले. दिवसा तिने पाखरांना प्रेतांवर बसू दिले नाही आणि रात्री रानटी जनावरांना जवळ येऊ दिले नाही, ती थेट आकाशातून पाऊस पडेपर्यंत. त्या देशात सातू वसंतात कापतात आणि पाऊस शरदात सुरू होतो, हे लक्षात घेतले म्हणजे ती किती काळ तेथे बसली असेल याची कल्पना येते.

संपूर्ण अध्यायात रिस्पाच्या तोंडी एकही वाक्य नाही. तरीही तिने काय केले हे दावीदाच्या कानावर गेले, आणि त्याने शौल व त्याचा मुलगा योनाथान यांच्या अस्थी याबेश-गिलादाहून आणवल्या, टांगलेल्यांच्याही अस्थी गोळा करवल्या आणि दफनाची व्यवस्था केली. यानंतर देशासाठी केलेली विनवणी देवाने ऐकली, असे शास्त्र म्हणते. सात जणांचा बळी दिल्यावर लगेच हे वाक्य येत नाही, ते दफनानंतर येते. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

हे लिहिण्याचे कारण असे, की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये सांत्वन आणि स्पष्टीकरण यांची गल्लत होऊ लागली आहे. मागे नाशिकजवळच्या सातपूरच्या एका कारखान्यातून रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या तरुणाला चुकीच्या बाजूने आलेल्या ट्रकने उडवले. सांत्वनसभेत त्याची आई मुलाचे कारखान्याचे ओळखपत्र मुठीत धरून बसली होती. ‘माझ्या लेकराचं काय चुकलं होतं?’ एवढेच तिने विचारले. त्यावर एका वडीलधाऱ्यांनी ‘ताई, देवाची इच्छा होती, आपण प्रश्न विचारू नयेत,’ असे सांगितले आणि लगेच गीत सुरू झाले. त्या काकांचे मन चांगले आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु त्यांनी जे सांगितले, ते शास्त्राला धरून आहे असे मला वाटत नाही.

नीतिमान असूनही मुले आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र प्रथम त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री एक शब्दही न बोलता जमिनीवर बसले होते, आणि त्यांनी केलेले उत्तम काम तेवढेच. पुढे ते कारणे सांगू लागले, आणि अखेरीस देवाने अलीफज आणि त्याच्या दोघा मित्रांवर संतापून सांगितले, की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य ते बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत. देवाला कोर्टात खेचू पाहणारा ईयोब योग्य ठरला आणि देवाची बाजू सावरणारे मित्र अयोग्य ठरले, हे आपण पुरेसे मनावर घेतलेले नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती, हे प्रभू येशूनेही स्पष्ट सांगितले आहे.

नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला तर हे दूरचे वाटू नये. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या शरणपुरात, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले वाढली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा 1873 साली आफ्रिकेत वारलेले मिशनरी व संशोधक-प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन यांचे शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता आणि 1874 साली लंडनमधील त्यांच्या दफनविधीलाही हजर होता. ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. पण ज्या आयांची लेकरे पळवली गेली, त्यांचे काय? हेरोद राजाने बेथलेहेमातील बालके मारली ती हकीकत सांगताना शुभवर्तमानकार मत्तय यिर्मया संदेष्ट्याचे वचन उद्धृत करतो: राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन करून घेण्यास नकार देते. शुभवर्तमानाने त्या नकाराला जागा दिली आहे, त्याला अविश्वास म्हटलेले नाही.

न्यायाची मागणी हीसुद्धा प्रार्थनाच आहे. लूकच्या 18व्या अध्यायातील विधवा न्यायाधीशाकडे सहनशक्ती मागत नाही, न्याय मागते, आणि पुन्हा पुन्हा जाते. प्रकटीकरणात तर वधलेल्यांचे आत्मे वेदीखालून ‘कोठवर?’ असे मोठ्याने विचारतात. स्वर्गातही हा प्रश्न विचारता येत असेल, तर आपल्या सांत्वनसभेत तो का दाबावा?

आमच्या पाळकसाहेबांपुढे मी दोन गोष्टी मांडल्या आहेत. सांत्वनसभेत 23व्या स्तोत्राबरोबर 88वे स्तोत्रही वाचावे, ज्याचा शेवट अंधारातच होतो. आणि ज्या घराचा दावा न्यायालयात चालू आहे, त्या घरच्या माणसांसोबत प्रत्येक तारखेला मंडळीतील कोणीतरी जावे, दिवसभर बाकावर बसावे लागले तरी बसावे. पहिल्या सूचनेवर अजून चर्चा चालू आहे. दुसरीसाठी काही जणांनी नावे दिली आहेत.