मुखवट्यांचा जोडतास

शाळेच्या महोत्सवानिमित्त आठवणी लिहायच्या म्हटल्यावर बहुतेकांना सहल, मैदान, गॅदरिंग आठवेल. मला आठवतो तो चित्रकलेचा जोडतास आणि सातवीत त्या तासाला आम्ही केलेले कागदी मुखवटे.

पहिले काही दिवस बाईंनी रंगांना हातच लावू दिला नाही. शेजारच्याचा चेहरा पट्टीने मोजायला लावला. मुलं चित्रात डोळे कपाळाच्या जागी काढतात. खरं तर ते टाळू आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर असतात. हे स्वतः मोजल्यावर वर्गात केवढा कल्ला झाला होता! समोरच्याचा चेहरा नीट बघायची सवय मला तेव्हा लागली, ती कायमची.

मग मातीचे साचे झाले. कागद कात्रीने कापायचा नाही, हातानेच फाडायचा, हा बाईंचा कडक नियम. कापलेली कड रंगाखालूनही उमटते. फाटलेल्या कडेचे तंतू खालच्या थरात मिसळून जातात. वर्तमानपत्र एका दिशेने फाडलं तर लांब सरळ पट्टी निघते आणि दुसऱ्या दिशेने वाकडंतिकडं जातं, हे तिथे बोटांनाच कळलं. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, म्हणजे मुखवटा साच्यावरून अलगद सुटतो. पुढचे थर खळ लावून, एक छापील कागदाचा, एक कोऱ्याचा. कोऱ्या थरातून कुठे अक्षरं दिसली, की तिथली पट्टी राहिली हे लगेच लक्षात यायचं. आणि प्रत्येक थर सावलीतच वाळवायचा, उन्हात कडा वळतात. आम्हाला सगळ्यांना घाई. बाई मात्र निवांत.

रंगवताना त्यांनी कुणालाही ओठ कानापर्यंत हसरे करू दिले नाहीत. जपानच्या नोह नाट्यात नट मुखवटा किंचित वर उचलतो तेव्हा चेहरा उजळल्यासारखा वाटतो, खाली झुकवतो तेव्हा उदास होतो, असं त्यांनी सांगितलं आणि लगेच करूनही घेतलं. दारं लोटली, वरची एकच खिडकी उघडी ठेवली. एकेकाने मुखवटा लावून तिथे उभं राहायचं आणि मान अगदी हळू हलवायची. मान खाली गेली की भुवयांची सावली डोळ्यांवर उतरायची, हनुवटी वर आली की ती पुसली जायची. रंग तोच, ओठ तेच, चेहरा मात्र निराळा. इतकं शांतपणे बघणारा आमचा वर्ग मी एरवी कधी पाहिला नाही.

हे सगळं जमलं ते बाईंनी भांडून मिळवलेल्या सलग दोन तासांमुळे. परीक्षा जवळ आली, तरी त्यांनी तो वेळ दुसऱ्या विषयाला दिला नाही. म्हणून शाळेला माझी मनापासून विनंती आहे, वेळापत्रक कितीही बदललं तरी चित्रकलेचा जोडतास मोडू नका. एका तासात साचा मांडून कागद भिजतो न भिजतो, तोच घंटा होते.