काटा चालू, पावती बंद

डिसेंबरातला सोमवार. पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमधून सव्वादहाला फोन आला. मुनीमजी बोलत होते, "सर, काटा चालू आहे, पन पावती निंगून नाई राह्यली. बाहेर बंड्या-ट्रॉल्यांची लाईन लागली."

स्क्रीनवर काय लिहिलंय ते मी वाचून दाखवायला सांगितलं. "कनेक्शन रिफ्यूज्ड" आणि पुढे ५४३२. एवढ्यावरून बरंच कळतं. ५४३२ हा पोस्टग्रेसचा पोर्ट, म्हणजे पावत्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरचं दार. वायर निघाली असती किंवा मशीन बंद असतं, तर कॉम्प्युटर बहुधा वाट बघत बसला असता आणि "टाइम आउट" म्हणाला असता. "रिफ्यूज्ड" याचा अर्थ मशीन जिवंत आहे, नेटवर्क जिवंत आहे, फक्त त्या दारापाशी कोणी बसलेलं नाही. म्हणजे डेटाबेस उठलेला नाही.

मुनीमजींना तीनच गोष्टी सांगितल्या. सर्व्हर पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका. कोणी सांगितलं तरी एकही फाईल काढू देऊ नका. आणि वजनं बिलबुकात हाताने लिहा. काट्याच्या इंडिकेटरला कॉम्प्युटर लागत नाही. लोडसेलवरचं (काट्याखालच्या सेन्सरवरचं) वजन तो स्वतःच दाखवतो आणि सिरियल वायरने फक्त पुढे पाठवतो. त्यामुळे गाडी नंबर, भरती वजन, रिकामं वजन आणि वेळ एवढं वहीत आलं की लाईन पुढे सरकते. हे आधी सांगणं गरजेचं होतं, कारण गाडी संध्याकाळपर्यंत उघड्यावर राहिली की दव पडतं आणि कापूस ओलावा धरतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये भाव उतरत जातो, १२ च्या वर घेतच नाहीत. सर्व्हरच्या खोळंब्याचा भुर्दंड शेतकऱ्याला बसतो, तो असा.

सर्व्हर म्हणजे काटाघरामागच्या खोलीतला साधा डेस्कटॉप. उबंटू २२.०४, त्यासोबत येणारं पोस्टग्रेस १४, २४० जीबीची एसएसडी आणि बॅकअपसाठी यूएसबीवर बाहेरची हार्ड डिस्क. मी पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. गावातला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला मुलगा तिथे बसलेला होता. त्याचा पहिला प्रश्न बरोबर होता, "सर, सर्व्हिस तं हिरवी दाखवून राह्यली, मंग डेटाबेस काहून नाई?"

उबंटूवर इथे पुष्कळ जण फसतात. "सिस्टिमसीटीएल स्टेटस पोस्टग्रेसक्यूएल" विचारलं की "अ‍ॅक्टिव्ह (एक्झिटेड)" असं हिरव्या अक्षरांत येतं. ती सर्व्हिस नुसती छत्री आहे. खाली किती क्लस्टर (डेटाबेसचे संच) आहेत ते बघून त्यांना हाक मारणं एवढंच तिचं काम, ते झालं की ती बाजूला होते. खरी सर्व्हिस "पोस्टग्रेसक्यूएल@१४-मेन" या नावाची. सगळ्यात सरळ उत्तर "पीजी_एलएसक्लस्टर्स" देतो. त्यात एका ओळीत आवृत्ती, पोर्ट, स्थिती आणि लॉग फाईलचा पत्ता मिळतो. इथे स्थिती "डाउन" होती.

मग लॉग. शेवटची ओळ म्हणत होती की डेटा फोल्डरची परवानगी चुकीची आहे, ०७०० किंवा ०७५० हवी. मुलाने लगेच सांगितलं, "मी तं ७७७ देऊन पाह्यलं, सर, तरी नाई झालं." त्यामुळेच तर झालं नव्हतं. डेटा फोल्डर सगळ्यांना उघडं असेल तर पोस्टग्रेस सुरूच होत नाही. पैशाचा हिशोब रस्त्यावर मांडून ठेवायला तो नकार देतो, आणि ते योग्यच आहे. पण ७७७ सकाळी अकराला दिलेलं, आणि पावती अडकली ती त्याआधी. म्हणजे शेवटची ओळ हा नंतर जडलेला दुसरा आजार होता. बंद पडलेल्या डेटाबेसचा लॉग खालून वर वाचत जायचा, पहिली चूक सापडेपर्यंत. ती ९ वाजून ४७ मिनिटांनी होती. पॅनिक, पीजी_वॉल या फोल्डरमधल्या तात्पुरत्या फाईलमध्ये लिहिता येत नाही, "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". त्यानंतर पोस्टग्रेसने स्वतःहून सावरायचा प्रयत्न केला होता, पण सावरताना शेवटी चेकपॉइंट, म्हणजे इथवर सगळं टेबलांत चढलं अशी खूण, लिहावा लागतो आणि त्यालाही जागा नव्हती. तेव्हा तो बंद झाला.

"डीएफ -एच" ने १०० टक्के दाखवलं. "डीएफ -आय" सुद्धा बघून घेतलं, कारण कधी जागा असते आणि आयनोड, म्हणजे फायलींची नोंद ठेवणारे रकाने, संपलेले असतात. इथे ते ठीक होते. मग "डीयू" ने फोल्डर मोजले. खुद्द डेटाबेस १२ जीबीचा आणि पीजी_वॉल १४१ जीबी. आत ९,०२४ फायली, प्रत्येक १६ एमबीची.

मुलाच्या मोबाइलवर एक सल्ला उघडा होता. वॉलमधल्या जुन्या फायली उडवा, जागा होईल. सकाळी मुनीमजींनी हात धरला नसता तर त्याने तसं केलंही असतं. त्यात त्याचा मोठा दोष आहे असं मला वाटत नाही. या फोल्डरचं नाव पूर्वी पीजी_एक्सलॉग होतं आणि लॉग म्हणजे फेकायच्या नोंदी असं समजून जगभर लोकांनी ते रिकामं केलं. म्हणूनच २०१७ साली आवृत्ती १० मध्ये त्याचं नाव बदलून पीजी_वॉल ठेवलं. ही रोजकीर्द आहे. प्रत्येक व्यवहार आधी इथे पक्का होतो, टेबलांच्या खतावणीत सवडीने चढतो. कीर्द फाडली की "वैध चेकपॉइंट सापडत नाही" असं येतं. मग "पीजी_रीसेटवॉल" किंवा जुना बॅकअप याशिवाय मार्ग उरत नाही, आणि रीसेटनंतर डेटाबेस उठला तरी अर्ध्या नोंदी चढलेल्या, अर्ध्या राहिलेल्या, आणि कोणत्या ते सांगणारं कोणी नाही.

पण १२ जीबीच्या डेटाबेसला १४१ जीबीची कीर्द कशाला? एवढी सावरायला लागत नाही. चेकपॉइंट दर पाच मिनिटांनी होतो आणि सावरताना फक्त त्याच्या पुढचं वाचायचं असतं. बाकीच्या फायली कशासाठी तरी अडवून धरलेल्या असतात, आणि कारणं मोजकीच. बंद पडलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरसाठी फायली राखणारा), जास्त ठेवलेली वॉल-कीप सेटिंग किंवा फसलेलं आर्काइव्हिंग, म्हणजे या फायलींची बॅकअप डिस्कवर प्रत ठेवणं. इथे स्लॉट नव्हताच. आर्काइव्ह-स्टेटस फोल्डरमध्ये मात्र नऊ हजारांच्या आसपास ".रेडी" फायली होत्या. म्हणजे पाठवायला तयार आणि नेणारा कोणी नाही. जी फाईल आर्काइव्ह झाली नाही ती पोस्टग्रेस कधीच काढत नाही, डिस्क भरली तरी नाही.

सेटिंगमध्ये "आर्काइव्ह टाइमआउट" ६० सेकंद होता. याचा अर्थ, काहीही हालचाल असली की मिनिट संपताच चालू फाईल बंद करायची आणि नवीन सुरू करायची. फाईल अर्धी भरलेली असो वा नसो, जागा १६ एमबीचीच घेते. काट्याचं सॉफ्टवेअर चालू वजन दर काही सेकंदांनी एका टेबलात लिहितं, त्यामुळे एकही मिनिट रिकामं जात नाही. तासाला ६० फायली. सकाळी आठ ते रात्री दहा, चौदा तासांच्या ८४०. हंगामात रविवारीही काटा बंद नसतो. ९,०२४ ला ८४० ने भागलं की पावणेअकरा दिवस येतात, म्हणजे मागच्याच्या मागच्या आठवड्यातला गुरुवार, दुपार. फिरवलेल्या जुन्या लॉगमध्ये बघितलं तर "आर्काइव्ह कमांड फेल्ड" ची पहिली ओळ त्याच गुरुवारी १ वाजून ५२ मिनिटांची. त्या दुपारी यूपीएसची बॅटरी बदलली होती. टेबल सरकवताना हार्ड डिस्कची यूएसबी वायर निघाली. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) "नोफेल" असल्याने मशीन तिच्याशिवाय सुरू झालं आणि कोणाला काही जाणवलं नाही. पोस्टग्रेस मात्र तेव्हापासून तक्रार लिहीत होता. तीनदा प्रयत्न, एक इशारा, मिनिटभर थांबून पुन्हा तेच.

दुरुस्तीला हात घालायच्या आधी प्रत. डेटाबेस बंदच होता, त्यामुळे अख्खं डेटा फोल्डर जसंच्या तसं उचलता येतं. सोबत नेलेली डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाईल पद्धतीची होती, आणि ती तशीच हवी. एक्सफॅटवर फायलींची मालकी आणि परवानग्या टिकत नाहीत. १५३ जीबी उतरायला पाऊण तास गेला. बाहेर लाईन असताना हा पाऊण तास फार जड जातो, मालकही दोनदा डोकावून गेले. तरी यात मी काटकसर करत नाही, कारण यापुढच्या प्रत्येक पायरीला मागे यायची वाट हीच.

मग जागा. एकही फाईल न काढता ती मिळते. ईएक्सटी४ मूळचाच ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतो. पोस्टग्रेस रूट नसल्याने त्याच्यासाठी डिस्क आधीच भरलेली असते. "ट्यून२एफएस -एम १" दिलं, राखीव जागा ५ वरून १ टक्क्यावर आली आणि साधारण नऊ जीबी मोकळे झाले. यासाठी डिस्क अनमाउंट करावी लागत नाही. "एपीटी क्लीन" ने आणखी थोडी जागा दिली. पीजी_वॉल दुसऱ्या डिस्कवर हलवून सिमलिंक देणं हाही मार्ग आहे, पण यूएसबीच्या वायरीमुळेच हे घडलं असताना कीर्द तिच्यावर टांगायला माझं मन धजलं नाही.

परवानग्या नीट केल्या. मालक पोस्टग्रेस, फोल्डर ७००, आतल्या फायली ६००. सुरू करण्याआधी "पीजी_कंट्रोलडेटा" बघितला. स्थिती "शट डाउन" नव्हती. डेटाबेस बंद असताना हे वाचून माणूस गोंधळतो, पण त्याचा अर्थ इतकाच की तो नीट बंद झाला नव्हता. शेवटच्या चेकपॉइंटला कोणती वॉल फाईल लागते ते नाव तिथे असतं. ती फाईल फोल्डरमध्ये आहे हे डोळ्यांनी पाहिलं आणि मगच सुरू केला.

लॉगमध्ये ओळी आल्या. नीट बंद झाला नव्हता, आपोआप सावरणं सुरू, रीडू (कीर्दीतून पुन्हा चढवणं) सुरू. मग एक ओळ आली, "इनव्हॅलिड रेकॉर्ड लेंग्थ, वाँटेड २४, गॉट ०". मुलगा दचकला. ही ओळ भीतीची नाही. कीर्दीचं शेवटचं पान संपलं, पुढे कोरं आहे, असं ती सांगते. या ओळीला घाबरून कोणी प्रोसेस मारली तर सावरणं पुन्हा सुरू करावं लागतं. काही सेकंदांत "रीडू डन" आणि मग "रेडी टू अ‍ॅक्सेप्ट कनेक्शन्स".

खात्री करायची ती कागदावरून. काटाघरातल्या पावतीच्या कार्बन प्रतींमध्ये शेवटची ४१८६ होती, टेबलातही शेवटची ४१८६. हे सॉफ्टवेअर कमिट झाल्यावरच, म्हणजे नोंद पक्की झाल्यावरच, पावती छापतं, त्यामुळे छापलेली प्रत्येक पावती आत असायलाच हवी. त्यापुढच्या ट्रॉलीचं भरती वजन इंडिकेटरवर आलं होतं, पण कमिट झालं नव्हतं. ते मुनीमजींच्या वहीत पहिल्याच ओळीला होतं. सकाळी भरती होऊन रिकामं वजन बाकी असलेल्या गाड्या आम्ही एकेक वाचून टिकमार्क केल्या. मग "पीजी_अ‍ॅमचेक" चालवला, टेबलं आणि इंडेक्स तपासणारा तो आवृत्ती १४ पासूनच मिळतो, आणि सगळ्या डेटाबेसचा डंप (पूर्ण उतारा) घेतला. डंप घेताना प्रत्येक ओळ वाचली जाते, त्यामुळे टेबलात लपलेलं खराब पान असेल तर बहुधा तिथे अडकतं. कुठेच अडकलं नाही. वहीतल्या ४३ गाड्या चढवायचं काम मुनीमजींनी सुरू केलं.

बाहेरची डिस्क जोडून माउंट केल्यावर आर्काइव्हर स्वतःच कामाला लागला. "पीजी_स्टॅट_आर्काइव्हर" मध्ये आकडा वाढताना दिसत होता. आवृत्ती १४ मध्ये तो प्रत्येक फाईलसाठी अख्खं स्टेटस फोल्डर पुन्हा चाळतो, म्हणून हजारो फायली साचल्या की सुरुवातीला सावकाश जातो, १५ मध्ये हे सुधारलं आहे. शेवटची फाईल गेल्यावर "चेकपॉइंट" दिला आणि पीजी_वॉल एक जीबीच्या आत आलं. डिस्क मेली असती तर आर्काइव्ह कमांडच्या जागी तात्पुरतं "ट्रू" ठेवून हे झालं असतं. पण तेव्हा बॅकअपची साखळी तुटते आणि त्याच दिवशी नवीन बेस बॅकअप (अख्ख्या डेटाबेसची मूळ प्रत) घ्यावा लागतो. कमांड बदलायला रीलोड पुरतो, "आर्काइव्ह मोड" बदलायला मात्र रीस्टार्ट.

मग सेटिंग. टाइमआउट एकाऐवजी पाच मिनिटं केला. दिवसाला ८४० ऐवजी १६८ फायली. एसएसडी पूर्ण मेली तर साधारण पाच मिनिटांच्या नोंदी जातील, म्हणजे एक-दोन गाड्या, आणि त्यांच्या कार्बन प्रती काटाघरात असतातच. कमांडमध्ये जीझिप घातलं. बहुतांशी कोरी असलेली १६ एमबीची फाईल त्यात अगदी लहान होते. फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची, पूर्ण झाल्यावर नाव बदलायचं, म्हणजे वीज गेली तरी अर्धी फाईल पूर्ण समजली जात नाही. आणि कमांडच्या सुरुवातीला "माउंटपॉइंट -क्यू" ची तपासणी. ती नसेल आणि वायर निघाली असताना त्या जागी रिकामं फोल्डर असेल, तर बॅकअप मूळ एसएसडीवरच पडत राहतो, सगळं यशस्वी दिसतं आणि दोन्ही एकत्र बुडतात. इथे आर्काइव्हचं फोल्डर बाहेरच्या डिस्कच्या आत असल्याने कमांड निदान फसली तरी.

राहिला प्रश्न कळवायचा. मोबाइलची रेंज काटाघरात येते-जाते, ईमेल कोणी उघडत नाही. पण पावतीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीत) सकाळी पावणेआठची एक स्क्रिप्ट लावली. तीन ओळी छापते, डिस्क किती टक्के भरली, शेवटची फाईल किती वाजता आर्काइव्ह झाली, बाहेरची डिस्क जोडलेली आहे की नाही. मुनीमजींनी तो कागद वहीला टाचायचा आणि डिस्क ८० च्या वर गेली किंवा वेळ आदल्या रात्रीची नसली तर फोन करायचा.

साडेचारला सकाळच्या लाईनीतल्या शेवटच्या बंडीचं रिकामं वजन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीमजींनी कागद वाचून दाखवला, "डिस्क २५ टक्के, शेवटची फाईल रात्री दहा वाजून एक मिनिट, बाहेरची डिस्क जोडलेली. टाचून ठेवू ना, सर?"